कोडकौतुक

आमच्या घरात कोड शिरलं ते २०२४च्या आषाढात, आणि तेही भर दुपारी, आई वाती वळत बसलेली असताना.

सांगलीची माझी भाची बी.फार्म. होऊन पुण्यात नोकरीला आली आणि रीतीप्रमाणे मामाकडे उतरली. (पुण्यात मामा असणं ही आमच्या भागातल्या मुलांची एक जादा शैक्षणिक पात्रताच समजली जाते.) आईनं कौतुकानं विचारलं, "काय काम असतं गं तुला?" भाची म्हणाली, "कोडिंग, आजी."

आईला हल्ली अर्धंच ऐकू येतं, आणि जे अर्धं ऐकू येतं ते नेमकं नको ते असतं. तिनं हातातला कापूस खाली ठेवला, उठून दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कोड? कुठं दिसतंय? घाबरू नकोस. माझ्या मावसबहिणीला होतं. संसार सोन्यासारखा केला तिनं. तेव्हा लोकांनी नावं ठेवली, त्या लोकांचीच नावं आता कुणाला आठवत नाहीत."

"अगं आजी, अंगावरचं कोड नव्हे. आजाराला नंबर द्यायचा. आजाराला एक, उपचाराला एक, सामानाला एक. ते नंबर अमेरिकेतल्या विमा कंपनीकडे जातात आणि कंपनी दवाखान्याचे पैसे देते."

"आणि नाही दिले तर?"

"तर मी फोन करून विचारते, का दिले नाहीत म्हणून."

"म्हणजे उधारी वसुली!" आईचा चेहरा उजळला. "मग तसं सरळ सांग की. आमच्या वाड्याखालच्या वाण्याचा गडी हेच काम करायचा. फक्त तो दिवसाउजेडी यायचा."

भाचीचं काम दिवसाउजेडी नव्हतं. अमेरिकेत ऑफिसं उघडतात तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते. त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला कंपनीची गाडी तिला घेऊन जायची आणि पहाटे चारला आणून सोडायची. मी दूध आणायला उठलो की ती झोपायला जायची. दरवाज्यात आमची गाठ पडे, ती 'गुड नाइट' म्हणे, मी 'गुड मॉर्निंग' म्हणे, आणि दोघांचंही बरोबर असे.

आता माझ्याविषयी दोन शब्द. मी बी.कॉम. आहे आणि बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. २०२४च्या करारानंतर आम्हांला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. हुद्दा लांबला, खुर्ची मात्र तीच आहे; तिच्या चौथ्या पायाखाली जुन्या लेजरचा पुठ्ठा अजून घडी घालून ठेवलेला आहे. आमच्या खानदानात आकड्यांवर प्रेम करणारा मी एकटाच. दिवसअखेर कॅश पैशाला पैसा जुळली की मला जो आनंद होतो तो घरी येऊन सांगायची सोय नाही. एकदा सांगितला, तर आमची ही म्हणाली, "जुळणारच. न जुळायला काय झालं?" त्यामुळे आजाराला नंबर देणारी मुलगी घरात आली याचा सर्वांत जास्त आनंद मला झाला.

पहिल्याच रविवारी मी तिच्यासमोर शिष्यासारखा बसलो. स्वयंपाकघरात पोळ्या चालल्या होत्या. भाची म्हणाली, रोगांच्या कोडांची ही यादी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५पासून लागू झाली आणि तिच्यात सत्तर हजारांच्या आसपास कोड आहेत. मला वाटलं, थापा मारतेय. एवढे रोग असते तर माणूस उरला कसा असता? पण त्या यादीत नुसते रोग नाहीत, रोगाला कारण झालेले प्रसंगही आहेत. कोंबडीनं चोच मारली, त्याला कोड. चालता चालता दिव्याच्या खांबावर आपटला, त्याला कोड. विमानाच्या इंजिनात ओढला गेला, त्यालाही कोड. आणि पहिल्यांदा दाखवायला आला तर शेवटचं अक्षर एक, पुन्हा दाखवायला आला तर दुसरं. विमानाच्या इंजिनात ओढला गेलेला माणूस पुन्हा दाखवायला येईल, असं ज्यांना वाटलं त्यांच्या आशावादाला माझा नमस्कार.

"आणि मामा, झेड ६३.१ म्हणजे काय सांगा? सासरच्या मंडळींशी न पटणं!"

पोळपाटावरचा आवाज थांबला. "काय नंबर म्हणालीस?" आतून प्रश्न आला.

तो नंबर आजही आमच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिलेला आहे. आईनं एकदा विचारलं, "हा कुणाचा गं नंबर?" ही म्हणाली, "गॅसवाल्याचा."

पण हे झालं सर्वसाधारण ज्ञान. भाचीचा विभाग निराळाच होता. तिच्याकडे घरच्या घरी शिरेतून जेवणाऱ्या माणसांची बिलं होती.

हे वाक्य मला दोनदा ऐकावं लागलं. सलाईन मला माहीत आहे. दवाखान्यात भेटायला गेल्यावर थेंब मोजत बसण्यासाठी ते लावलेलं असतं. पण घरी? रोज? आणि जेवण?

भाचीनं समजावलं. मोठ्या माणसाच्या पोटात लहान आतडं सुमारे वीस फूट असतं. कुणाचं ऑपरेशनात कापून काढावं लागतं, कुणाचं रक्त तुटून सडतं, कुणाचं जन्मतःच अपुरं असतं. दोन मीटरपेक्षा कमी उरलं की डॉक्टर त्याला आखूड आतडं म्हणतात. मग माणसानं पंचपक्वान्नं खाल्ली तरी ती अंगी लागत नाहीत. ('खाल्लेलं अंगी लागत नाही' हे वाक्य माझ्या लहानपणी माझ्याविषयी रोज उच्चारलं जाई. त्याचा खरा अर्थ मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळला.) अशा माणसाच्या छातीतल्या मोठ्या शिरेत, पार हृदयाच्या उंबरठ्यापाशी पोचेल अशी, एक बारीक नळी बसवून ठेवतात. साखर, प्रथिनांचे घटक, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं एका पिशवीत तयार येतं आणि छोटा पंप ते दहा-बारा तासांत सावकाश रक्तात सोडतो. बहुतेकजण हे रात्री झोपेत उरकतात, म्हणजे दिवसा काम करायला मोकळे.

"झोपेत जेवतात?" आई म्हणाली. "आमचा हा जेवता जेवता झोपायचा."

आईला या विषयात एकदम रस निर्माण झाला. श्रावण सुरू होता, तेव्हा तिचा पहिला प्रश्न असा होता की ही पिशवी उपासाला चालते का? भाचीनं प्रामाणिकपणे सांगितलं की स्निग्ध पदार्थ म्हणजे बहुधा सोयाबीनचं तेल, आणि ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून त्यात अंड्याच्या बलकातला एक घटक घालतात. आईनं कपाळाला आठी घातली. "काही पिशव्यांत माशाचंही तेल असतं," भाची म्हणाली. "म्हणजे ती गोव्याकडची पिशवी म्हणायची," आईनं निकाल दिला. पण पुढे भाचीनं सांगितलं, की नळीला हात लावण्याआधी हात स्वच्छ धुवायचे, जागा पुसून घ्यायची, नळीच्या तोंडाला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. लागलं तर जंतू थेट रक्तात जातात आणि जिवावर बेततं.

"म्हणजे सगळं सोवळ्यात," आई म्हणाली.

"तसंच समज."

"मग माणूस चांगल्या घरातला दिसतो." आईनं अंडंबिंडं सगळं माफ करून टाकलं.

या शोधाची हकिकतही भाचीनंच सांगितली. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, स्टॅनले ड्युड्रिक नावाचा एक तरुण शल्यविशारद होता. नुसत्या शिरेतून दिलेल्या अन्नावर जीव तगेल, पण वाढेल का, हा प्रश्न होता. त्यानं बीगल जातीची कुत्र्याची पिल्लं शिरेतून जेवू घालून वाढवली, आणि ती तोंडानं खाणाऱ्या त्यांच्याच भावंडांच्या तोडीस तोड वाढली. मग १९६७मध्ये आतडं जवळजवळ नसलेली एक नवजात मुलगी याच पद्धतीनं वाढू लागली. हे ऐकून आमची ही पोळी लाटताना म्हणाली, "आणि आपल्याकडे लोक एक भाकरी करपली तर तोंड वाकडं करतात." लोक म्हणजे कोण, हे तिनं सांगितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता खरी गंमत, म्हणजे बिल. इथे मात्र मी शिष्याचा जाणकार झालो, कारण बिल हा माझा विषय.

आपल्याकडे या प्रकरणाचं बिल कसं झालं असतं? 'जेवण पिशवी नग एकतीस, इतर खर्च किरकोळ.' तिकडे तसं नाही. पिशवीत रोज किती ग्रॅम प्रथिनं आहेत त्यावर कोड ठरतो. दहापासून एक्कावन्न ग्रॅमपर्यंत बी ४१८९. बावन्न ते त्र्याहत्तर, बी ४१९३. चौऱ्याहत्तर ते शंभर, बी ४१९७. शंभराच्या वर, बी ४१९९. मी आनंदानं ओरडलोच, "अगं, हे तर प्राप्तिकराचे स्लॅब!" पिशवी जोडायच्या सामानाला दिवसागणिक वेगळा कोड. खांद्याला अडकवून फिरता येईल असा पंप असेल तर बी ९००४, एका जागी ठेवायचा असेल तर बी ९००६. पंप भाड्याचा असेल तर पुढे आर आर लिहायचं, नवा विकत घेतला तर एन यू. या दोन अक्षरांना म्हणतात मॉडिफायर. म्हणजे वस्तू तीच, पण परिस्थिती निराळी आहे, एवढं सांगणारी चिठ्ठी. भाडंही जन्मभर नाही; पंधरा महिन्यांपर्यंत. आपल्याकडे घराचा करार अकरा महिन्यांचा, तिकडे पंपाचा पंधरा. घरमालक सगळीकडे सारखेच. आणि पिशवी टांगायच्या दांडीलाही स्वतःचा कोड आहे, ई ०७७६. दांडीला कोड असतो हे मी दुसऱ्या दिवशी बँकेत सांगितलं, तेव्हा आमचे शाखाधिकारी म्हणाले, "आपल्याकडेही सुरू करा. निदान कोण कुठली मारतो ते तरी कळेल."

पण सर्वांत मोठी दाद मला द्यायची आहे ती एका अज्ञात कारकुनाला. अमेरिकेत पासष्टीपुढच्या माणसांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. कायदा १९६५चा. तो झाला तेव्हा घरी बसून शिरेतून जेवणारा माणूस जगात नव्हता. पुढे तो आला, आणि त्याचा खर्च कुठल्या खात्याला टाकायचा हा प्रश्न आला. औषध म्हणावं तर घरी घ्यायच्या औषधांना त्यात फारशी जागा नाही. अन्न म्हणावं तर लोकांच्या जेवणाचे पैसे सरकार कशाला देईल? अशा वेळी आम्ही बँकेत रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि निवृत्त होतो. पण तिथे कुणीतरी डोकं चालवलं आणि पिशवी बसवली कृत्रिम अवयवांच्या खात्यात! पाय गेला तर लाकडी पाय देतो ना? मग आतडं गेलं तर त्याच्या जागी ही पिशवी. अट एकच, बिघाड कायमचा पाहिजे. कायमचा म्हणजे निदान तीन महिने तरी चालेल असा. (आमच्या शाखेत सात वर्षं 'तात्पुरता' म्हणून राबलेल्या शिपायाला मी हे सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त मला चहा थंड आणून दिला.) खातं सापडलं आणि मान्य रकमेतले शंभरातले ऐंशी रुपये सरकार देऊ लागलं. डॉलर म्हणायला हवं, पण सवय.

ज्यानं कुणी हे खातं शोधलं त्याचा पुतळा कुठे नसणार. कारकुनांचे पुतळे होत नाहीत. आमच्याकडे फार तर बदली होते.

असे दिवस मजेत चालले होते. ऑक्टोबरात, दिवाळी दहा दिवसांवर आली असताना, एक दिवस पहाटे दूध आणायला उठलो तर भाची झोपायला न जाता बाल्कनीत बसलेली. 'गुड नाइट' नाही की काही नाही.

"काय गं, साहेब बोलले?"

"नाही. एक क्लेम परत आलाय. तीन महिन्यांचा."

नाव, गाव, वय काही तिनं सांगितलं नाही. ती कधीच सांगत नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा तिकडे १९९६पासून कायदा आहे आणि इकडे ती त्या कायद्याला आजीच्या सोवळ्यासारखी जपते. एवढंच कळलं, की कुणीतरी आखूड आतड्याचं माणूस आहे, रोज रात्री पिशवी लावतं, आणि पैसे अडकले आहेत ते एका आकड्यावाचून.

१ ऑक्टोबर २०२३पासून आखूड आतड्याला तिकडे स्वतःचा कोड मिळाला. के ९०.८२. पण तेवढ्यावर भागत नाही, पुढे आणखी एक आकडा लागतो. मोठं आतडं शिल्लक असून लहान आतड्याला जोडलेलं असेल तर एक. नसेल तर दोन. नोंदच नसेल तर नऊ. कुणीतरी दोनपर्यंत लिहिलं आणि थांबलं. कदाचित चहा आला असेल. संगणकानं तीनही महिन्यांची बिलं परत फेकली.

"मग पिशव्या बंद?" मी घाबरून विचारलं.

"लगेच नाही बंद होत. औषध पुरवणारे काही दिवस सोसतात. पण कायम कोण सोसणार? आणि तोवर त्या माणसाच्या घरी विम्याची पत्रं जातात. एवढ्याचं सामान, एवढे नामंजूर, एवढे कदाचित तुमच्या अंगावर. आणि वर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, 'हे बिल नाही.'"

"मग काय लग्नपत्रिका आहे?" आई केव्हा उठून आली होती कुणास ठाऊक.

मी बावीस वर्षांच्या अनुभवाचं सार काढलं. "नऊ टाक आणि मोकळी हो. नऊ चालतो ना?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, राग परवडला असता. "मामा, नऊ म्हणजे 'माहीत नाही'. पण माहीत आहे हो. सर्जननं पोट उघडून डोळ्यांनी पाहिलंय, कुठंतरी लिहिलंय. आम्ही वाचलं नाही एवढंच. आणि त्या एका आकड्यात पुष्कळ आहे. मोठं आतडं जोडलेलं असेल तर ते पाणी ओढून घेतं, थोडंफार अन्नही कामी लावतं. अशा माणसाच्या पिशव्या पुढेमागे कमी व्हायची आशा जास्त. ते सोडून 'माहीत नाही' लिहू?"

मी दूध आणायला गेलो. दूध आणून ठेवलं, चहा घेतला, अंघोळ केली, डबा घेतला, बँकेत गेलो. पण 'आम्ही वाचलं नाही एवढंच' हे वाक्य काही खाली उतरेना.

त्याचं कारण आदल्या दिवशी घडलं होतं आणि ते मी घरी सांगितलं नव्हतं.

आमच्या शाखेत एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. वय ऐंशीच्या पुढे, कपडे कडक इस्त्रीचे, हाताला कंप. पैसे काढायच्या स्लिपवर ते सही करतात तेव्हा पेन आधी हवेत सही करतं, मग कागदावर. आदल्या दिवशी ती सही नमुन्याशी जुळेना. मी स्लिप परत केली. त्यांनी दुसरी केली. ती पहिलीशीही जुळेना. तिसरी केली. मागे रांग होती, दिवाळीचे दिवस, लोक चुळबुळ करायला लागले. मी म्हटलं, "सर, सही जुळत नाही. नियम आहे. मी काय करणार?" ते म्हणाले, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." आणि तीनही स्लिपा नीट घडी करून खिशात घालून, भिंत धरत धरत गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. दिवसअखेर कॅश पैशाला पैसा जुळली.

आता, माझं चुकलं काय? नियम खरोखरच आहे. पण त्या सकाळी मी कपाटातून रिझर्व्ह बँकेच्या सूचनांची जुनी फाइल काढली, जिच्यावर आम्ही दोन वर्षं पाण्याची बाटली ठेवत आलो. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, की वृद्ध वा आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर त्याचा अंगठा घ्यावा. हाताचा जमत नसेल तर पायाचासुद्धा! बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. झालं. नियम आडवा आला असं आपण म्हणतो. पुष्कळदा तो बिचारा पुढच्याच पानावर उभा असतो, आपण पान उलटत नाही. मी गेली कित्येक वर्षं नऊ नंबर टाकत आलो होतो.

मी खात्यावरचा नंबर काढून सरांना फोन केला. ते रिक्षा करून आले. शाखाधिकारी एक साक्षीदार झाले. दुसरा शेजारचा झेरॉक्सवाला, ज्याचं खातं आमच्याकडे आहे आणि ज्याचं यंत्र आमच्याच छायाप्रतींवर चालतं. मी शाईचा पॅड पुढे केला. सरांनी त्या निळ्या पॅडकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या पोटात धस्स झालं. बरं करायला गेलो आणि भलतंच तर नाही ना केलं?

"बत्तीस वर्षं," सर म्हणाले, "पोराच्या प्रवेशाला बाप अंगठा करायला लागला की मी त्याचा हात धरायचो. म्हणायचो, अंगठा नाही, सही शिका. मग फॉर्म देतो. पुष्कळांना शिकवली." आणि मग हसले. "आज मास्तरच अंगठेबहाद्दर झाला. आण रे बाबा."

त्यांनी अंगठा उठवला. मी बोळा पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही, पेन घेतलं. अंगठ्याच्या खाली, हवेत एकदा आणि कागदावर एकदा, सावकाश सही केली. ती नमुन्याशी जुळत नव्हती. नियमात तिची गरज नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. सही कुणीच खोडली नाही.

संध्याकाळी भाची गाडीची वाट पाहत उभी असताना मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मामा, यालाच मॉडिफायर म्हणतात."

तिच्या क्लेमचं म्हणाल, तर त्या रात्री तिनं दवाखान्याच्या कागदांची चाळीस-बेचाळीस पानं वाचून काढली. पूर्वी म्हणे या पिशवीसाठी एक खास माहितीचा फॉर्म असे. तो १ जानेवारी २०२३पासून बंद झाला. फॉर्म गेला की कारकुनाला आनंद होतो, पण फॉर्मातली माहिती काही जात नाही. ती एका पानावरून उठून चाळीस पानांत जाऊन बसते. ऑपरेशनच्या अहवालात, शेवटून दुसऱ्या पानावर, सर्जननं लिहून ठेवलं होतं. मोठं आतडं शाबूत, जोडलेलं. शेवटचा आकडा, एक.

बिलं पुन्हा गेली आणि दिवाळीनंतर पास झाली. तिचा कुणी सत्कार केला नाही. त्या माणसालाही कळलं नसणार की आपल्या जेवणात पुण्यातल्या एका बाल्कनीचा काही हात आहे. मला मात्र हल्ली एक खोड लागली आहे. सकाळी साडेदहाला काउंटर उघडलं की वाटतं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आता मध्यरात्र. कुठल्या तरी घरात दिवे मालवलेले असतील, दांडीला, म्हणजे ई ०७७६ला, पिशवी टांगलेली असेल, आणि पंप बारीक आवाज करत चालू असेल. मग समोर पहिली स्लिप येते.

कार्तिकातल्या एका रविवारी भाचीला सुट्टी होती. आई देवापुढे दिवा लावत होती. क्लेम पास झाल्याचं तिला कळलं होतं. तिनं विचारलं, "काय गं, तो माणूस आहे की बाई?"

"सांगता येत नाही, आजी."

"नाव?"

"कायदा आहे गं. नाव नाही सांगता येत."

"मग देवाला काय सांगू? हात जोडून उभी आहे मी. कुणाला बरं कर म्हणू?"

भाची जरा घुटमळली. मग म्हणाली, "के नव्वद पॉइंट आठ दोन एक."

आईला अर्धंच ऐकू येतं हे मी वर सांगितलंच आहे. पण त्या संध्याकाळी तिनं डोळे मिटले आणि सगळं स्वच्छ म्हटलं. शेवटचा एकसुद्धा विसरली नाही.